मीठ कधी धरायचं, पाणी कधी सोडायचं

शाळेत मिश्रणांचा धडा आला की प्रयोग ठरलेला असायचा. वाळू आणि मीठ पाण्यात ढवळायचं, गाळणकागदातून गाळायचं. वाळू वर राहायची. खालचं पाणी चिनी मातीच्या बशीत आटवायचं. मीठ तडतडून बशीबाहेर उडायला लागलं की बाई स्पिरिटचा दिवा विझवायच्या. प्रयोगवहीत लिहायचं, ‘निष्कर्ष : बाष्पीभवनाने मीठ वेगळे झाले.’ दहापैकी दहा.

पुढे एकदा श्रीवर्धनहून समुद्राचं पाणी बाटलीत भरून पुण्याला आणलं आणि गॅसवर आटवलं. पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर उरला. जिभेच्या टोकाला लावला तर खारटपणाच्या मागोमाग कडवटपणा आला आणि जाता जाईना. शिवाय डिसेंबरातल्या कोरड्या हवेतही तो थर ओलसरच राहिला.

कारण उघड आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात आपलं खायचं मीठ सुमारे 27 ग्रॅम; बाकी मॅग्नेशियमचे क्षार, जिप्सम, थोडं पोटॅशियम. सगळं पाणी उडवलं तर सगळे क्षार एकत्रच बुडाशी बसणार. म्हणजे मी मिठातून पाणी काढलं होतं, समुद्रातून मीठ नव्हे. शाळेतला प्रयोग जमायचा, कारण तिथलं मीठ कुणीतरी आधीच वेगळं करून पुडीत भरलेलं असायचं.

ते वेगळं करण्याचं काम पेण-उरणकडच्या मिठागरांत चालत आलं आहे. उन्हानं पाणी आटवायचं, एवढंच ते वरवर दिसतं. पण खरी मेख आहे ती कोणता क्षार पाण्यात किती मावतो यात. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, मीठ सुमारे 360 ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड तर 500 ग्रॅमच्याही वर. त्यामुळे पाणी आटत जाईल तसे क्षार एकेक करून खाली बसतात. युसिग्लिओ या रसायनतज्ज्ञानं 1849 साली भूमध्य समुद्राचं पाणी आटवून हा क्रम मोजून ठेवला. मिठागरातही भरतीचं पाणी आत घेतलं की आधी गाळ निवळतो, मग चुन्याचा अंश बसतो. पाणी पाव हिश्श्यावर आलं की जिप्सम. मूळच्या एक दशांशाच्या आसपास उरलं, की मग कुठे मीठ धरू लागतं. म्हणून एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी खेळवत न्यायचं. नको ते मागच्या वाफ्यांच्या तळाशी राहतं.

वारा पडलेला असेल तर पहिलं मीठ पाण्याच्या पृष्ठभागावर धरतं. नखाएवढी, आतून पोकळ, चौकोनी पायऱ्यांची द्रोणी तरंगत असते. बोट लावलं की बुडते.

इथवर जमलं तरी अर्धंच काम झालं. पाण्याची दाटी बोमेच्या अंशांत मोजतात. बोमे हे अठराव्या शतकातले फ्रेंच औषधविक्रेते. त्यांनी आपल्या दाटीमापकावरच्या खुणा तो मिठाच्याच पाण्यात बुडवून ठरवल्या होत्या! साधारण 25 अंशांवर मीठ पडू लागतं आणि 29-30च्या सुमारास उरलेलं पाणी सोडून द्यावं लागतं. त्यात मीठ अजून असतंच, पण हाव धरली तर कडवट मॅग्नेशियमही सोबत येतं. आटवण्यापेक्षा हे थांबणं मला जास्त हुशारीचं वाटतं.

हे कडू पाणी अगदी टाकाऊही नसतं. माँपेल्येच्या बालार या तरुणानं 1826 मध्ये अशाच पाण्यातून ब्रोमिन हे मूलद्रव्य शोधून काढलं.

पाणी सोडलं तरी खड्यांवर त्याचा पातळ थर राहतोच. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली आर्द्रता 33 टक्क्यांपुढे गेली की पाणी ओढून घेतं, तर शुद्ध मीठ 75 टक्क्यांपर्यंत कोरडं राहतं. माझा पातेल्यातला थर वाळेना तो यामुळे. जुलैत तर हवा दोन्ही आकडे ओलांडते, मग चांगल्या मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं.

खड्यांवरचा हा थर काढायचा कसा? गोड्या पाण्यानं धुवावं तर मीठच विरघळून जाईल. म्हणून मीठ धुतात ते मिठाच्याच तुडुंब खाऱ्या पाण्यानं. त्या पाण्यात मिठाला आणखी जागा नसते, मॅग्नेशियमला मात्र भरपूर असते.