हरणाच्या जिभेसारखे नेचे

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातील जुन्या विहिरींच्या दगडी भिंतींवर, ओल्या कड्यांवर आणि ओढ्यांच्या काठी नाजूक हिरवी पाने डुलू लागतात. हंसराज हा त्यांपैकीच एक. या वनस्पतींना नेचे असे म्हणतात. नेच्याला फूल येत नाही, फळही धरत नाही. त्याचे पान बहुधा पिसासारखे अनेक लहान लहान दलांत विभागलेले असते. पाऊस सरला आणि ऊन तापू लागले की यांतील पुष्कळ नेची सुकून जातात.

युरोपात मात्र एक असे नेचे आढळते, की ते पाहून हे नेचे आहे असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटणार नाही. त्याचे पान मुळीच विभागलेले नसते. ते एखाद्या पट्ट्यासारखे अखंड, लांब व तकतकीत असते. मोठे पान हातभर लांब आणि तीनचार बोटे रुंद भरते. पानाचा आकार हरणाच्या जिभेसारखा दिसतो, म्हणून इंग्रजीत या वनस्पतीला ‘हार्ट्स टंग’, म्हणजे हरणाची जीभ, असे नाव पडले. शास्त्रज्ञ तिला ‘अॅस्प्लेनियम स्कोलोपेंड्रियम’ म्हणतात. यातील दुसरा शब्द ग्रीक भाषेतील गोमेच्या नावावरून आला आहे. पान उलटून पाहिले की या नावाचे कारण कळते. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी रंगाच्या तिरप्या रेषा ओळीने मांडलेल्या असतात. जणू गोमेचे पायच!

हे नेचे सदाहरित आहे. हिवाळ्यात इंग्लंडमधील बहुतेक झाडे निष्पर्ण होतात, गवत कोमेजते, जमिनीवर हिमकण साचतात. त्या दिवसांतही याची पाने हिरवीगार राहतात. म्हणूनच तेथील बागवानांना ते फार प्रिय आहे. परंतु केवळ आवड असून झाड जगत नाही. ज्याला हे नेचे लावावयाचे असेल, त्याने आधी ते रानात कसे राहते हे पाहिले पाहिजे.

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यात चुनखडीच्या खडकांची उघडी पठारे आहेत. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्यांनी त्यांच्यावरील माती खरवडून नेली आणि पुढे पावसाच्या पाण्याने खडक झिजवून त्यांत खोल चिरा पाडल्या. वर रखरखीत खडक, बोचरे वारे आणि चरणारी मेंढरे. पण चिरेत डोकावले तर आत सावली, ओल आणि निवारा! तेथेच हे नेचे सुखाने वाढते. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींच्या सांध्यांत आणि विहिरींच्या आतल्या बाजूसही ते दिसते. यावरून त्याच्या गरजा ध्यानात येतात. त्याला सावली हवी, ओल हवी, पण साचलेले पाणी नको. आणि मातीत चुन्याचा अंश असला तर उत्तम.

बागेत दगड रचून, त्यांच्या सांदीत माती भरून रोपे लावतात. अशा बागेला शिलोद्यान म्हणतात. इंग्लंडमध्ये सूर्य आकाशात दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दगडांच्या उत्तरेकडील बाजूला दिवसाचा बराच काळ सावली राहते. या नेच्यासाठी तीच जागा निवडतात. दगड नुसते जमिनीवर ठेवून भागत नाही. त्यांचा बराचसा भाग मातीत पुरतात आणि माथा किंचित मागे कलता ठेवतात, म्हणजे पावसाचे पाणी ओघळून वाया न जाता मुळांकडे उतरते. माती, कुजलेल्या पाल्याचे खत आणि भरड वाळू यांचे मिश्रण सांदीत भरतात. पडक्या भिंतीतील जुन्या चुन्याचे तुकडे त्यात मिसळले, तर या नेच्याला ते विशेष मानवते.

रोप लावण्यास वसंत किंवा शरद ऋतू योग्य. लावताना एक गोष्ट जपावी लागते. ज्या गाभ्यातून पाने फुटतात, तो मातीखाली दडपला जाऊ नये. नाही तर तो कुजतो. दोन दगडांच्या फटीत रोप थोडे तिरपे बसवले, तर गाभ्यात पाणी साचत नाही. पहिल्या वर्षी मुळे रुजेपर्यंत नियमाने पाणी द्यावे लागते. कडक ऊन लागले तर पाने पिवळट पडतात व खुरटतात. वसंताच्या आरंभी गाभ्यातून नवी पाने निघतात, तेव्हा ती गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली असतात. ती उलगडण्यापूर्वी गतवर्षीची फाटकी पाने कापून टाकली, की पुढचे काम नेचे स्वतःच करते.

परंतु रोप आणावयाचे कोठून? नेच्याला तर बीच नाही! पूर्वी युरोपातील लोकांना या गोष्टीचे मोठे कोडे पडे. नेच्याचे बी अदृश्य असते आणि ते ज्याच्याजवळ असेल तो माणूसही अदृश्य होतो, अशी त्यांची समजूत होती. जॉन लिंडसे या शल्यवैद्याने जमैका बेटावर नेच्याच्या पानामागची धूळ मातीवर टाकून तिच्यातून रोपे उगवून पाहिली. त्याचा हा वृत्तांत १७९४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या धुळीचा प्रत्येक कण म्हणजे एक बीजुक होय. गोमेच्या पायांसारख्या त्या तपकिरी रेषांत अशी असंख्य बीजुके असतात.

उन्हाळ्याच्या शेवटी पिकलेले पान कागदात गुंडाळून ठेवले, की कागदावर बारीक तपकिरी भुकटी जमते. कुंडीतील मातीवर उकळते पाणी ओतून तिच्यातील शेवाळ व इतर बीजुके मारतात. माती निवल्यावर ती भुकटी तिच्यावर विरळ भुरभुरतात, वर काच झाकतात आणि कुंडी सावलीत ठेवतात. काही आठवड्यांनी मातीवर हिरवी साय धरते. मग तिच्यातून बोटाच्या नखापेक्षाही लहान, हृदयाच्या आकाराचे पापुद्रे दिसू लागतात. त्यांच्या खालच्या अंगास नर व मादी पेशी तयार होतात. नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशीकडे जाते आणि त्यांच्या मीलनातून नेच्याचे पहिले इवलेसे पान उगवते. बागेत लावण्याजोगे रोप होण्यास मात्र दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो.

हा धीर सर्वांनाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेची गोळा करण्याचे जणू वेडच पसरले. चार्ल्स किंग्स्ली या लेखकाने १८५५ मध्ये त्याला ‘टेरिडोमेनिया’, म्हणजे नेच्यांचे वेड, असे नाव दिले. लोक टोपल्या घेऊन रानोमाळ हिंडत आणि विक्रेते मुळांसकट उपटलेली नेची शहरांत आणून विकत. काही दुर्मिळ नेची त्यामुळे त्यांच्या जुन्या ठिकाणांहून नाहीशी झाली. पुढे शिलोद्यानांसाठी चुनखडीच्या पठारांवरील झिजून सुंदर झालेले दगडही फोडून नेण्यात येऊ लागले. ज्या चिरांत हे नेचे शतकानुशतके निवाऱ्याने राहिले, त्याच चिरा बागेच्या शोभेपायी उद्ध्वस्त झाल्या! अखेर १९८१ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला. त्याने जमीनमालकाच्या परवानगीवाचून रानातील कोणतेही रोप उपटण्यास मनाई केली आणि चुनखडीच्या पठारांच्या रक्षणाचीही तरतूद केली.

अमेरिकेत याच नेच्याचा एक प्रकार १८०७ साली न्यूयॉर्क राज्यात प्रथम आढळला. तेथे तो मुळातच विरळ होता. जंगलतोड आणि चुनखडीच्या खाणी यांमुळे त्याच्यावर संकट ओढवले, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या सरकारला धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत त्याची नोंद करावी लागली.

शहाणा बागवान रानातील चिरा पाहतो, पण तेथील दगड आणत नाही. पाडलेल्या घराचे दगड, जुन्या चुन्याचे तुकडे, झाडाखालचा कुजलेला पाला आणि एका पानावरची चिमूटभर भुकटी एवढ्यावर त्याचे काम भागते. रान जसेच्या तसे राहते आणि बागेतही ऐन हिवाळ्यात हिरवी पाने डुलतात. जो बागवान चिमूटभर धुळीतून रोप उभे करण्यासाठी तीन वर्षे थांबतो, त्याचेच निसर्गावर खरे प्रेम आहे, असे म्हटले पाहिजे.