व्येद्येत

व्येद्येत : चेक भाषेतील ‘माहीत असणे’ या अर्थाचे एक प्राचीन व अनियमित क्रियापद. चेक ही इंडो-यूरोपीय कुटुंबाच्या पश्चिम स्लाव्ह शाखेतील भाषा असून या क्रियापदाचा धातू संस्कृत विद् या धातूशी समूळ आहे. ग्रीक ओइदा (मी जाणतो), जर्मन वाइस (जाणतो) व लॅटिन विदेरे (पाहणे) ही रूपे त्याच मूळातून आलेली आहेत. धातूचा आद्य अर्थ ‘पाहणे’ असा होता. ‘पाहिले आहे, म्हणून माहीत आहे’ या क्रमाने ज्ञानवाचक अर्थ सिद्ध झाला. त्यामुळेच संस्कृतातील वेद (तो जाणतो) व ग्रीक ओइदा ही रूपे घडणीने पूर्णभूतकाळाची असूनही अर्थाने वर्तमानकाळाची आहेत. प्राचीन चर्च स्लाव्हिकमधील व्येद्ये (मी जाणतो) हे रूपही अशाच जुन्या घडणीचा अवशेष होय.

वर्तमानकाळाची रूपे पुढीलप्रमाणे होतात : एकवचन – वीम (मी), वीश (तू), वी (तो, ती, ते), अनेकवचन – वीमे (आम्ही), वीते (तुम्ही), व्येद्यी (ते, त्या, ती). धातूतील ‘द’ फक्त शेवटच्या रूपात टिकला आहे. एरवी तो प्रत्ययातील व्यंजनापूर्वी लोपला. ‘वीम’ मधील ‘म’ हा संस्कृत वेद्मि, अस्मि या रूपांतील ‘मि’ प्रत्ययाचा सगोत्र आहे. प्रारंभी हा प्रत्यय मोजक्याच क्रियापदांना लागे. पुढे चेकमध्ये तो द्येलाम (मी करतो), प्रोसीम (मी विनंती करतो) यांसारख्या असंख्य रूपांत पसरला. भूतकाळी व्येद्येल (पु.), व्येद्येला (स्त्री.), आज्ञार्थी व्येस व नकारार्थी नेवीम (मला माहीत नाही) अशी रूपे होतात.

वस्तुस्थिती ठाऊक असणे म्हणजे व्येद्येत. व्यक्ती वा स्थळ परिचयाचे असणे म्हणजे झ्नात. एखादी विद्या वा भाषा येणे म्हणजे उमेत. यांपैकी झ्नात हे संस्कृत ज्ञा व मराठी ‘जाणणे’ यांचे सगोत्र आहे. व्येदा (विज्ञान), व्येदोमी (जाणीव), स्व्येदोमी (सदसद्‌विवेकबुद्धी) व स्व्येदेक (साक्षीदार) हे शब्द व्येद्येतच्याच धातूपासून बनले. मेद्व्येद (अस्वल) या शब्दाचे साम्य मात्र फसवे आहे; ‘मध खाणारा’ अशी त्याची व्युत्पत्ती असून त्याचा संबंध संस्कृत मधु व अद् (खाणे) यांच्याशी पोहोचतो.