गिरमिटातून आलेली वाळू

ज्याची गाडी कधी पुळणीवर रुतली असेल त्याला हे लगेच पटेल की वरून सारखी दिसणारी वाळू सगळीकडे सारखी नसते. १९४३च्या अखेरीस दोस्त राष्ट्रांच्या सेनाधिकाऱ्यांना हीच काळजी पोखरत होती. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तीस-तीस टनांचे रणगाडे उतरवायचे होते, आणि वाळूखाली पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा काळा लिबलिबीत थर असावा अशी शास्त्रज्ञांना शंका होती. ऑगस्ट १९४२मध्ये फ्रान्सच्याच दिएप बंदरावरच्या चढाईत कितीतरी रणगाडे गोट्यांच्या किनाऱ्यावरच अडकले होते, ती जखम ताजी होती.

समुद्राची खोली तर विमानातूनही मोजता येत होती. ही युक्ती मला फार आवडते. लाट उथळ पाण्यात शिरली की मंदावते, म्हणून एकामागोमाग छायाचित्रं घेऊन लाटेचा वेग काढला की तिच्याखाली किती पाणी आहे ते कळतं. पण वाळूखाली वीतभर काय दडलंय, ते कुठलीच लाट सांगत नाही. त्यासाठी कुणीतरी तिथे जायला हवं.

नौदलाचे नायजेल क्लॉगस्टन-विलमॉट यांनी अशाच कामासाठी माणसं तयार केली होती. स्वतः ते १९४१मध्ये ऱ्होड्स बेटाच्या शत्रूव्याप्त किनाऱ्यावर रात्री पोहत जाऊन आले होते.

३१ डिसेंबर १९४३च्या रात्री त्यांच्या तुकडीतले मेजर लोगन स्कॉट-बाउडेन आणि सार्जंट ब्रूस ऑग्डेन-स्मिथ व्हेर-स्यूर-मेरजवळ पाण्यात उतरले. मेजरसाहेबांचं वय अवघं २३. अंगात पाणी न शिरणारा पोशाख, हातात गिरमिट, आणि काडतुसांच्या पट्ट्यासारख्या पट्ट्यात खोचलेल्या रिकाम्या नळ्या. दीपस्तंभाचा झोत फिरत आला की दोघे वाळूवर पालथे पडत, गेला की उठून पुढे. गिरमिट फिरवायचं, वर आलेली वाळू नळीत भरायची, जागा टिपून ठेवायची. आणि हे सगळं भरतीच्या रेषेच्या आतच, म्हणजे पावलं नि भोकं पुढची भरती पुसून टाकेल. एक खूण राहिली असती, तर आपण इथेच उतरणार हे शत्रूला सांगितल्यासारखं झालं असतं. शौर्य म्हटलं की आपल्याला तलवार आठवते. इथे ते चिमूटभर वाळू सांभाळून आणण्यात होतं.

परतताना लाटा इतक्या उसळल्या की दोघे पुन्हा पुन्हा मागे फेकले गेले. मागून सार्जंटची हाक आली. तो बुडतोय की काय, म्हणून मेजर वळले. तो ओरडून नववर्षाच्या शुभेच्छा देत होता!

जानेवारीत हेच दोघे एक्स-२० या चिमुकल्या पाणबुडीतून पुन्हा निघाले. पंधरा मीटरच्या त्या नळकांड्यात पाच माणसं. दिवसा पाण्याखाली कोंदट हवेत बसून पेरिस्कोपमधून किनारा न्याहाळायचा, रात्री पोहत जायचं. या वेळचा किनारा होता पुढे ‘ओमाहा’ म्हणून ओळखला गेलेला.

मऊ जागांची शंका गांभीर्याने घेतली गेली. म्हणून काही रणगाड्यांपुढे कॅनव्हासच्या गालिच्याचं अवाढव्य रीळ बसवलं होतं. रणगाडा पुढे सरके तसा गालिचा उलगडे, आणि त्यावरून मागची वाहनं न रुतता जात.

ओमाहाची वाळू भक्कम निघाली, पण वरच्या कड्यांवरून सगळा किनारा माऱ्यात येत होता. इथे फार माणसं पडतील, हे स्कॉट-बाउडेन यांनी अमेरिकन सेनापती ओमर ब्रॅडली यांना आधीच तोंडावर सांगितलं होतं. ६ जून १९४४ला, सैन्य उतरलं त्या सकाळी, स्कॉट-बाउडेन स्वतः नावांना वाट दाखवायला त्याच किनाऱ्यासमोर होते. या वेळी उजेड होता, आणि कड्यांवरच्या मशीनगन जाग्या होत्या.