उष्णतारोधक फवारणी फोमची छाटणी

उष्णतारोधक फवारणी फोमची छाटणी म्हणजे भिंती, छत किंवा दारे-खिडक्यांच्या चौकटींभोवतीच्या पोकळ्यांत फवारलेला पॉलियुरेथेन फोम फुगून घट्ट झाल्यावर त्याचा बाहेर आलेला भाग कापून पृष्ठभाग समपातळीत आणण्याची क्रिया होय. वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांसाठी भिंतीला पाडलेली भोके बुजवतानाही ती करावी लागते.

रासायनिक पार्श्वभूमी

पॉलियुरेथेनचा शोध जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. आयसोसायनेट आणि पॉलिऑल यांच्या अभिक्रियेतून ते तयार होते. डब्यात मिळणारा एकघटकी फोम हवेतील ओलाव्यामुळे घट्ट होतो, तर द्विघटकी फोमचे घटक फवारतानाच एकत्र येतात. मुक्तकोशी फोम मूळ द्रवाच्या सुमारे १०० पट फुगतो व मऊ राहतो. त्यामुळे त्याची छाटणी नेहमीचीच असते. बद्धकोशी फोम सुमारे ३० पट फुगतो, परंतु कठीण होतो. म्हणून तो पोकळी थोडी रिकामी ठेवून फवारतात.

छाटण्याची पद्धत

फोमवर आधी कोरडी साल धरते. आतील भाग मात्र चिकटच असतो. या अवस्थेत कापल्यास कोश दबतात, आत पोकळी राहते आणि फोम आजूबाजूला माखतो. पूर्ण घट्ट होण्यास उत्पादन, जाडी व हवामानानुसार काही तासांपासून एक दिवसापर्यंत वेळ लागतो. त्यानंतर दातेरी सुरी किंवा लवचीक करवत भिंतीला समांतर धरून फोम कापतात. उरलेला थर पुट्टीच्या पात्याने खरवडून सँडपेपरने घासतात.

डाग काढणे

ओला फोम कोरड्या फडक्याने टिपून उरलेला अंश ॲसिटोनने पुसता येतो. ॲसिटोन ज्वालाग्राही असून रंग व अनेक प्लॅस्टिकचे पृष्ठभाग खराब करते. त्यामुळे ते आधी कोपऱ्यात वापरून पाहावे. पाण्याने पुसू नये, कारण पाण्यामुळे फोम घट्ट होतो. घट्ट झालेला फोम ॲसिटोनमध्ये विरघळत नाही आणि तापवल्याने वितळतही नाही. तो खरवडूनच काढावा लागतो.

छाटणीनंतरची काळजी

कापल्यामुळे संरक्षक साल निघून जाते व कोश उघडे पडतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून उघडा भाग गिलावा, पुट्टी किंवा रंगाने झाकतात.

सुरक्षितता

ओल्या फोममधील आयसोसायनेट त्वचा, डोळे व श्वसनमार्गाला अपायकारक असून त्यामुळे दमाही जडू शकतो. हातमोजे, चष्मा व खेळती हवा आवश्यक असते. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी मुखपट्टी वापरावी. फोम ज्वलनशील आहे. जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात. त्यामुळे ज्योत लावून फोम काढणे किंवा छाटलेले तुकडे जाळणे धोक्याचे आहे.