खेळण्यांची सफाई, पण मुलांना विचारून

शब-ए-बारात जवळ आली की आमच्याकडे घर झाडायला घेतात. पंखे पुसले जातात, मांडणीवरची भांडी खाली उतरतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते. रमजानमध्ये इबादतीला वेळ मिळावा आणि ईदला पाहुणे आले की घर नीटनेटके असावे, एवढाच हेतू. या सगळ्यात जास्त वैताग येतो तो मुलांच्या खेळण्यांचा. पलंगाखाली चाके, सोफ्याच्या फटीत लुडोच्या सोंगट्या, कपड्यांच्या टोपलीत बाहुलीचा एक हात. त्यात ईदला ईदीबरोबर आणखी खेळणी येणारच असतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही यावर सोपा उपाय केला. मुले सकाळी मकतबला गेली होती. तासाभरात दोन गोण्या भरल्या आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. घर मोकळे झाले. आम्ही नवरा-बायको स्वतःवर खूश होतो.

संध्याकाळी थोरला काहीतरी शोधू लागला. "अम्मी, माझा पिवळा ट्रक कुठाय?" तो ट्रक तीन चाकांचा होता, रंग उडालेला. त्याच्या नानांनी त्याला उरुसातून आणून दिला होता आणि नाना आदल्याच हिवाळ्यात अल्लाहला प्यारे झाले होते. आम्हाला मोडके प्लास्टिक दिसले होते. त्याच्यासाठी ती नानांची शेवटची वस्तू होती. दुसऱ्या दिवशी आम्ही भंगारच्या दुकानात गेलो. माल रात्रीच पुढे गेला होता.

तो रडला नाही, भांडला नाही. पण ईदच्या दिवशी चाचांनी रिमोटची गाडी दिली, तेव्हा त्याने खोके उघडलेच नाही. ते दप्तरात ठेवत त्याने विचारले, "अब्बू, हीपण देऊन टाकणार का?" त्या दिवशीचा शीरखुर्मा आम्हाला गोड लागला नाही.

चूक कुठे झाली?

शाळेत आम्ही मुलांना रोज सांगतो, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. घरी मात्र आम्ही तोच नियम मोडला. मुलाला दिलेली भेट मुलाची असते, ही साधी गोष्ट आपण मोठी माणसे विसरतो, कारण वस्तू स्वस्त असते आणि मालक लहान असतो.

आपल्या प्रेषितांचे (स.) वागणे पाहा. हजरत अनस (रजि.) यांचे धाकटे भाऊ अबू उमैर यांच्याकडे एक छोटासा पक्षी होता. ते त्याच्याशी खेळत. तो पक्षी मेला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या लहान मुलाजवळ त्या पक्ष्याची विचारपूस केली. हजरत आयशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमध्ये कापडाचे पंख असलेला एक घोडा होता. तो काय आहे हे प्रेषितांनी (स.) विचारले आणि त्यांचे उत्तर ऐकून ते हसले. उम्मतीची एवढी जबाबदारी खांद्यावर असताना मुलांच्या खेळण्यांबद्दल विचारायला त्यांच्याकडे वेळ होता. आम्हाला मात्र गोणी भरायची घाई होती.

आम्ही मुलाची माफी मागितली. नुसते "जाऊ दे, दुसरा आणू" असे म्हटले नाही. वर्गात जप्त करून टेबलाच्या खणात टाकलेले भोवरे आणि गोट्याही त्याच आठवड्यात ज्याच्या त्याला परत केल्या.

आता आम्ही काय करतो

पहिली गोष्ट वेळेची. हे काम आम्ही शाबान महिन्यातच उरकतो. रोजा असताना अस्रनंतर मोठ्यांचा धीर कमी पडतो आणि शेवटचे दहा दिवस तर खेळणी निवडण्याचे नव्हेतच. रोज अर्धा तास, असे चार-पाच दिवस पुरतात.

चटईवर सगळी खेळणी ओततो आणि मुलांनाच ढीग करायला सांगतो. एक रोज खेळण्याचा, एक दुरुस्तीचा, एक दुसऱ्याला देण्याचा आणि एक खरोखर टाकून देण्याचा. शिवाय प्रत्येक मुलाला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला आहे. त्यात आठवणीची वस्तू ठेवायची. ती मोडकी का असेना, तिच्याबद्दल कोणी काही बोलायचे नाही. डबा भरला की काय काढायचे, ते मुलानेच ठरवायचे. पहिल्या दिवशी धाकटीने सगळेच "माझे, माझे" म्हणून ओढून घेतले. आम्ही गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून दोन बाहुल्या देण्याच्या ढिगात ठेवल्या.

खेळ पूर्ण आहे का, हे मुले आनंदाने मोजतात. कॅरमच्या 9 काळ्या, 9 पांढऱ्या आणि 1 राणी, लुडोच्या 16 सोंगट्या, बुद्धिबळाचे 32 मोहरे. एखादी सोंगटी हरवली असेल तर तिच्या जागी बटण चालते, पण ते आपल्या घरी. दुसऱ्याला देताना नाही.

धोक्याच्या वस्तू मात्र मोठ्यांनीच बाजूला काढाव्यात. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर सुटे छोटे भाग त्याच्या हाती लागू नयेत. बटणाच्या आकाराच्या चपट्या बॅटऱ्या फार घातक असतात. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजू शकते. अशा वेळी वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

देणे म्हणजे अडगळ काढणे नव्हे

कुरआनमध्ये सूरह बकराच्या 267व्या आयतीत ताकीद आहे की, जी वस्तू आपल्याला कोणी दिली तर आपण डोळे झाकल्याशिवाय घेणार नाही, तशी निकृष्ट वस्तू अल्लाहच्या मार्गात देण्यासाठी निवडू नका. ही कसोटी खेळण्यांनाही लावावी. बाहुलीचा हात तुटला असेल तर ती देण्याच्या ढिगात जात नाही. जे द्यायचे ते साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, बॅटरी तपासून, खेळाचे सगळे भाग एका पिशवीत बांधून द्यावे. कापडी खेळणी उशीच्या अभ्र्यात घालून धुतली की खराब होत नाहीत.

देण्याआधी समोरच्यालाही विचारावे. अंगणवाडी असो, नात्यातले लहान मूल असो किंवा घरी कामाला येणाऱ्या खालांची नात, "चालेल का?" एवढे विचारले तर देण्यात उपकाराचा भाव उरत नाही. फोटो काढू नयेत. आणि याला फित्रा समजू नये. फित्रा वेगळा, तो ईदच्या नमाजआधी पोहोचलाच पाहिजे.

कमी खेळणी, जास्त खेळ

अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आमचाही अनुभव हाच. म्हणून निम्मी खेळणी खोक्यात घालून माळ्यावर ठेवतो आणि महिन्याने अदलाबदल करतो. माळ्यावरून उतरलेले खेळणे मुलांना नव्यासारखे वाटते. खाली असलेली खेळणी मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर, चपलांच्या रिकाम्या खोक्यांत असतात. खोक्यांवर मराठीत आणि उर्दूत नावे मुलांनीच लिहिली आहेत. जे वाचत नाहीत त्यांच्यासाठी चित्र.

ईदच्या आधी मामू, खाला, फूफी यांना आम्ही नम्रपणे सांगतो की, खेळण्याऐवजी एखादे पुस्तक किंवा सगळ्या भावंडांत मिळून एक बॅट चालेल. ईदगाहबाहेरच्या गाड्यावर मात्र मुलाने आपल्या ईदीतून एक वस्तू घ्यावी, आम्ही टोकत नाही. दुकानातून घेताना आयएसआय खूण पाहतो. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर ती सक्तीची आहे.

पिवळा ट्रक परत मिळाला नाही. थोरला अजून कधी कधी त्याचे नाव काढतो आणि आम्ही ऐकून घेतो. यंदा शाबानमध्ये त्याने ती रिमोटची गाडी स्वतःच पुसून देण्याच्या ढिगात ठेवली. शेजारच्या मुलाला देऊ या, असे आम्ही म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "आधी त्याला विचारा तरी, त्याला हवी आहे का?"