‘डिजिटल अटक’ कायद्यात नाही

व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभाचं चिन्ह आणि दरडावणी : ‘फोन ठेवायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही!’ ‘डिजिटल अटक’ म्हणवणाऱ्या अशा कॉलवर निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे.

पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. पैसे तर मागतच नाहीत.

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसणं सर्वांत महाग पडतं. चोरटे रक्कम झटपट अनेक खात्यांत फिरवतात. १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार होताच ती बँकांपर्यंत पोहोचते आणि वाटेत सापडलेली रक्कम गोठवता येते. व्यवहाराचा क्रमांक हाताशी असावा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार अशा फसवणुकीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही.

१९३० हा क्रमांक आजच आईवडिलांच्या फोनमध्ये टाकून द्या.