अठ्ठावीस जणांची होडी

टायटॅनिकच्या व्यायामशाळेत एक गृहस्थ खिशातल्या चाकूनं लाइफ जॅकेट उसवत होते. आत काय भरलंय ते बायकोला दाखवायचं होतं. निघालं बूच. गृहस्थ म्हणजे जॉन जेकब ॲस्टर, जहाजावरचे सर्वांत धनाढ्य प्रवासी. बायको अठरा वर्षांची, गरोदर. 14 एप्रिल 1912 ची मध्यरात्र उलटून गेली होती आणि खालच्या मजल्यांत समुद्र शिरत होता.

बुडतं जहाज म्हटलं की आपल्याला आरडाओरडा आणि चेंगराचेंगरी दिसते. सिनेमानं ती डोक्यात पक्की बसवली आहे. टायटॅनिकवर पहिला तासभर तसलं काही झालं नाही. हिमनगाचा धक्का रात्री 11.40 चा, कित्येकांच्या लक्षातही न आलेला. डेकवर सांडलेल्या बर्फाचे तुकडे काही प्रवाशांनी चक्क लाथाडत खेळायला घेतले. तासाभरानं पहिली लाइफबोट खाली सोडली, तेव्हा 65 जणांच्या त्या होडीत जेमतेम 28 माणसं होती. नंतरची एक 40 जणांची होडी तर 12 जणांना घेऊन गेली. सुरुवातीला लोकांना चढायचंच नव्हतं. इकडे ऊबदार, दिव्यांनी लखलखलेलं जहाज. तिकडे दोरांवर हेलकावणारी होडी आणि खाली कित्येक मजले नुसता काळोख. आपण तरी काय निवडलं असतं?

संकटात माणूस आधी धावत नाही, आजूबाजूच्यांची तोंडं बघतो. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा 1968 चा प्रयोग हेच दाखवतो. विद्यार्थी खोलीत फॉर्म भरत बसलेले असताना भिंतीतल्या झरोक्यातून आत धूर सोडला. एकट्यानं बसलेल्यांपैकी 75 टक्के उठून सांगायला गेले. शेजारी दोन जण ठरवून निर्विकार बसवले, तेव्हा उठले फक्त 10 टक्के. बाकीचे खोकत, हातानं धूर वारत फॉर्म भरत राहिले. व्यायामशाळेतली ती मंडळी याहून वेगळं काय करत होती?

टायटॅनिक बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. 7 मे 1915 रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारलेलं लुसिटानिया 18 मिनिटांत गेलं. भर दुपार, किनारा दिसतोय, आणि टायटॅनिकच्या धड्यामुळे होड्याही सगळ्यांना पुरतील इतक्या. पण जहाज उजवीकडे असं कललं, की डावीकडच्या होड्या डेकवरच्या माणसांवर येऊन आदळल्या आणि उजवीकडच्या हात पोचणार नाही इतक्या लांब लोंबकळू लागल्या. 48 पैकी सहाच धडपणे पाण्यात उतरल्या. काहींनी लाइफ जॅकेट उलटं चढवलं होतं. 1,198 माणसं गेली.

ब्रूनो फ्राय, डेव्हिड सॅव्हेज आणि बेनो टॉर्गलर या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये दोन्ही जहाजांच्या प्रवाशांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. टायटॅनिकवर बायका, मुलं आणि पहिल्या वर्गातले प्रवासी जास्त वाचले. लुसिटानियावर सोळा ते पस्तिशीतले, हातापायांत जोर असलेले. त्यांचा निष्कर्ष असा, की जीव वाचवण्याची पहिली उसळी थोडा वेळ टिकते. ती ओसरायला अवधी मिळाला तर अंगी मुरलेली रीतभात वर येते. मला हे पटतं, पण पुरतं नाही. लुसिटानियाचे प्रवासी युद्धाच्या दिवसांत निघाले होते आणि टायटॅनिकची गोष्ट ऐकून होते.

शिवाय रीतभात आपोआप वर आली, असंही नाही. तिच्यामागे हुकूम होता. ‘आधी बायका-मुलं’ या आज्ञेचा अर्थ डाव्या बाजूच्या होड्या सोडणाऱ्या लाइटोलर या अधिकाऱ्यानं ‘फक्त बायका-मुलं’ असा लावला. उजव्या बाजूचा मरडॉक मात्र बायका जवळ नसतील तर पुरुषांनाही घेत होता. पुरुषाचा जीव तो कुठल्या कठड्याशी उभा आहे यावर ठरत होता. ॲस्टर डावीकडे होते. बायकोसोबत बसू का, असं त्यांनी विचारलं. लाइटोलर नाही म्हणाला, ते मागे सरले. स्वीडनच्या मिकाएल एलिंडर आणि ऑस्कर एरिक्सन यांनी 2012 मध्ये 18 जहाज-दुर्घटना तपासल्या, तेव्हा एकंदरीत बायका पुरुषांपेक्षा कमी वाचल्याचं दिसलं. खलाशी प्रवाशांपेक्षा जास्त वाचले होते. म्हणजे टायटॅनिक हा नियम नव्हे, अपवाद.

आणि त्या अपवादाचाही शेवट आहे. 2.20 ला जहाज गेलं. शेकडो माणसं शून्याखालच्या पाण्यात ओरडत होती. जवळपासच्या होड्यांत जागा होती, वेळ होता, आणि बसलेल्यांपैकी कित्येकींचे नवरे त्या पाण्यात होते. परत जायचं का, यावर वाद झाले. माणसं होडीला लटकतील, होडी उलटेल, ही भीती. आपली माणसं इतर होड्यांत हलवून शोधायला मागे वळला तो 14 नंबरच्या होडीतला अधिकारी लो. तोही आरडाओरडा विरळ होईपर्यंत थांबला होता. चौघे हाती लागले. त्यातला एक होडीतच गेला.